पेन्सिल ज्याची त्याच्या हातात

सोमवारी सकाळी साडेनऊला ग्लेंडाबाई टोलेफसन यांना डीनसाहेबांचा ईमेल आला. बाईंनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर त्यातल्या चुका मोजल्या. अकरा ओळींत सात निघाल्या. तेवढं समाधान करून घेतल्यावर मग त्यांनी मजकूर वाचला, आणि चुका विसरल्या.

डीनसाहेब म्हणजे ट्रेंट ऑसबर्न. आमच्या कॉलेजात आठ महिन्यांपूर्वी आले, आणि आल्यापासून प्रत्येक खोलीकडे रिकामी असल्यासारखं बघतात. त्यांनी कळवलं होतं की, ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या लेखन केंद्राच्या जागेचा 'फेरविचार' चालू आहे. एका स्मूदीवाल्याने त्या जागेत दुकान टाकायची इच्छा दाखवली आहे. केंद्राची सोय तळघरात, बॉयलरशेजारी, अगदी आनंदाने करता येईल. तरीसुद्धा कोणावर अन्याय नको, म्हणून ग्लेंडाबाईंनी शुक्रवारी दुपारी बाराच्या आत कॉलेजच्या पोर्टलवर एक पान लिहून टाकावं, की तिथे तुम्ही नेमकं करता तरी काय?

तळघर बाईंना माहीत होतं. केंद्राची पहिली सहा वर्षं तिथेच गेली होती. बॉयलर दर वीस मिनिटांनी असा काही दणका द्यायचा की लिहायला बसलेली मुलं टेबलाला धरायची. त्यातून वर येऊन तळ्याकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या मिळवायला बाईंनी तीन डीन झिजवले होते. त्या दोन खिडक्या म्हणजे त्यांच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीची कमाई होती. ती आता केळी आणि पालक एकत्र दळणाऱ्या माणसाला द्यायची होती.

बरं, मागितलं काय होतं? एक पान! एकोणीस वर्षं पोरांना पान कसं लिहावं हे सांगणाऱ्या बाईला एक पान जड जायचं कारण नव्हतं. पण 'सांगणाऱ्या' म्हटलं तर बाईंना राग येईल. त्या सांगत नसत. केंद्रातलं कोणीच काही सांगत नसे, आणि तिथली खरी गंमत तीच होती.

केंद्राच्या दारासमोर बाईंच्या स्वतःच्या अक्षरात एक चौकट टांगलेली होती: 'पेन्सिल ज्याची त्याच्या हातात.' निबंध घेऊन आलेल्या मुलाशेजारी केंद्राचा एक विद्यार्थी बसायचा. या बसणाऱ्याला पूर्वी शिक्षक म्हणत, मग सल्लागार म्हणू लागले, आणि तेही फार चढेल वाटायला लागल्यावर आता 'सोबती' म्हणत. सोबत्याने त्या निबंधावर एक टिंबसुद्धा काढायचं नाही. चूक दिसली तरी चूक म्हणायचं नाही. फक्त गोड आवाजात विचारायचं, "इथे तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?" मुलगा म्हणणार, मला माहीत असतं तर इथे आलो असतो का. त्यावर सोबत्याने समजूतदारपणे मान हलवायची. प्रत्येक भेटीनंतर एक फॉर्म भरला जाई आणि त्यातला शेवटचा प्रश्न असे, 'पेन्सिल कोणाच्या हातात होती?' पुढे दोन चौकटी: लेखक, सोबती. एकोणीस वर्षांत दुसऱ्या चौकटीत एकही खूण पडली नव्हती. देशभरातल्या लेखन केंद्रांच्या संमेलनांत बाई हे पाणी पिऊन झाल्यावर, जरा थांबून सांगत असत.

आणि यामुळेच कोणी केंद्राला 'दुरुस्तीचं दुकान' म्हटलं की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई. रसायनशास्त्राचे प्रोफेसर रिंगडाल दर सत्रात ऐंशी मुलांच्या हाती चिठ्ठ्या देऊन पाठवत, की जा, दुरुस्त करून आणा आणि चिठ्ठीवर सही घ्या. "आम्ही दुरुस्तीवाले नाही, गुस्ताव्ह," हे बाई त्यांना मीटिंगमध्ये सांगत, पार्किंगमध्ये सांगत, आणि एकदा तर चर्चच्या तळघरात एका मयतानंतरच्या कॉफीच्या वेळी, गेलेल्या माणसाच्या बहिणीच्या अंगावरून वाकून सांगितलं होतं. रिंगडाल दर वेळी "बरं बरं" म्हणत आणि पुढच्या सत्रात पुन्हा ऐंशी चिठ्ठ्या छापत. आमच्याकडे मिनेसोटात समोरच्याला 'नाही' म्हणायची पद्धत नाही. 'बरं बरं' म्हणून आपलंच करायची आहे.

तर मंगळवारी बाईंनी दार लावून पान लिहायला घेतलं. पहिलं वाक्य सरळ आलं: 'आम्ही विद्यार्थ्यांना लिहायला मदत करतो.' बाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या डार्लिस मॅटसनबाईंना त्यांनी ते वाचून दाखवलं. डार्लिसही एकोणीस वर्षं त्या टेबलावर होत्या. मुलांच्या वेळा लिहिणं, फॉर्म लावणं, रडणाऱ्यांना कागदी रुमाल देणं आणि दर मंगळवारी रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या करून आणणं, ही सगळी खाती त्यांच्याकडे होती.

"छान झालंय की," डार्लिस म्हणाल्या. "दे छापून. मी जाता जाता टाकून येते."

"अगं, हे एकच वाक्य आहे. त्यांनी पान मागितलंय."

"त्या माणसाला एक वाक्य तरी वाचता येतं का, ते बघ आधी. वडी घे."

बाई इथे थांबल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांना 'मसुदा कोणाला तरी दाखवा' म्हणून पिडलं, ती स्वतःचा मसुदा न दाखवता कशी राहणार? त्यांनी तो आपले सहायक संचालक डॉ. किरन पेल यांना दाखवला. किरन पेल हे सदतिसाव्या वर्षी इतके विचारवंत झाले होते की साधा दरवाजा उघडतानाही क्षणभर थांबत. त्यांनी ते वाक्य वाचलं, छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"'मदत'," ते म्हणाले. "ग्लेंडा, 'मदत' म्हटलं की समोरचा पडलेला आहे आणि आपण उभे आहोत असं होतं. तुम्हाला असं म्हणायचंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. आपल्याच शिकवलेल्या आवाजात आपल्यालाच प्रश्न विचारला गेला, याचा त्यांना राग आला होता. पण राग दाखवायची सोय नव्हती, कारण तो आवाज त्यांचाच होता.

'मदत' गेली. मग किरन म्हणाले, 'विद्यार्थी' म्हणजे कोणीतरी गुरू आला. विद्यार्थी गेले. मग 'आम्ही' म्हणजे कोण, आणि 'ते' कोण? 'आम्ही' गेलो. दुपारपर्यंत वाक्यात फक्त 'लिहायला' एवढंच उरलं, आणि त्याबद्दलही किरन यांना शंका होती, पण त्यांची बस आली.

तेव्हा बाईंनी देशभरातल्या लेखन केंद्र चालवणाऱ्यांच्या ईमेल-मंडळाला हाक घातली. हे मंडळ म्हणजे सातशे-आठशे माणसं, सगळी हुशार, सगळी वैतागलेली, आणि प्रत्येकाच्या खोलीवर कोणत्या तरी डीनचा डोळा. बुधवारी सकाळपर्यंत चौसष्ट उत्तरं आली. प्रत्येकाची सुरुवात 'हा महत्त्वाचा प्रश्न मांडल्याबद्दल आभार' अशी होती आणि मध्यावर लिहिणाऱ्याचा स्वतःचा डीन येत होता. ओरेगनहून एकीने लिहिलं की 'केंद्र' हा शब्दच जुलमी आहे, कारण केंद्र म्हटलं की कोणीतरी परिघावर ढकललं जातं. टेक्सासच्या एकाने आपल्या केंद्राचं त्रेचाळीस पानी निवेदन जोडलं आणि खाली लिहिलं की हे पाठवल्यावर आमचं केंद्र बंद झालं, तरी उपयोग झाला तर पाहा. चौसष्ट जणांत 'आम्ही लिहायला मदत करतो असं लिहून टाका' म्हणणारा एकही निघाला नाही. निघाला असता तर बाकीच्या त्रेसष्टांनी त्याला मंडळात ठेवला नसता.

बाईंनी सगळ्यांचं सगळं घेतलं. बुधवारी संध्याकाळी पान तयार झालं आणि त्यांना ते मनापासून आवडलं. ते पोर्टलवर टाकायचं तर आधी आपलं खातं निवडावं लागत होतं. यादीत 'हॉकी' होतं, 'भोजन' होतं, 'बर्फ काढणे' होतं. लेखन नव्हतं. कॉलेज एकशे बारा वर्षांचं, पण लिहिणं कुठल्या खात्यात येतं हे तिथे कोणाला सुचलं नव्हतं. शेवटी बाईंनी नाक मुरडून 'इतर सुविधा' निवडलं आणि बटण दाबलं.

गुरुवारी सकाळी दुरुस्ती विभागाचे लाइल हत्यारांची पेटी घेऊन दारात हजर.

"गळतंय कुठे?" लाइल म्हणाले.

"काय गळतंय?"

"ते तुम्ही सांगायचं. 'इतर सुविधा' म्हणजे पाण्याचे नळ आणि खाऊची मशीन. तक्रार आलीय तुमची." लाइलनी खिशातून कागद काढून दूर धरून वाचला. "'कोणत्याही निष्कर्षाची घाई न करता शक्यतांशी संवाद साधत राहणारा अवकाश.' म्हणजे पाणी हळू येतंय का?"

"लाइल, ती तक्रार नाही. ते आमचं निवेदन आहे."

"बरं बरं," लाइल म्हणाले, आणि तरीही नळ असेल म्हणून सगळ्या भिंतींच्या कडेने एक फेरी मारून आले. जाताना त्यांनी दोन वड्या खाल्ल्या आणि कागदावर लिहिलं, 'पाहणी केली. दोष आढळला नाही.' त्यासरशी पोर्टलने बाईंचं पान 'काम पूर्ण' म्हणून निकालात काढलं. अकरा फोन करून आणि चार जणांशी गोड बोलून बाईंना कळलं की पान परत टाकावं लागेल. आता खातं 'विद्यार्थी-हित' निवडायचं आणि मजकूर चार ओळींत बसवायचा, कारण डीनसाहेबांचा फोन तेवढंच दाखवतो.

चार ओळी! बाईंनी गुरुवारी दिवसभर पानातून एकेक शब्द काढून पाहिला. काढलेल्या प्रत्येक शब्दाने मंडळातलं कोणीतरी दुखावणार होतं, म्हणून तो जोडीला आणखी एक घेऊन परत येई. संध्याकाळी पान सव्वा पान झालं होतं.

शुक्रवारी सकाळी नऊला, आयुष्यात पहिल्यांदा, ग्लेंडाबाई डार्लिसच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "मला एक वेळ हवी होती."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

डार्लिसनी विणकाम खाली ठेवलं. पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, एकोणीस वर्षं त्यांना याचाच पगार मिळत होता. "रिंगडालांची ऐंशी आहेत आज. दहा वीसला होदान मोकळी आहे. नाव लिही. पहिलीच भेट ना? मग हा पिवळा फॉर्मही भर."

"डार्लिस, तो फॉर्म मी तयार केलाय."

"मग लवकर भरून होईल."

होदान वारसमे ही दुसऱ्या वर्षाची मुलगी, बाईंनीच शिकवून तयार केलेली, आणि सगळ्या सोबत्यांत नियमाला सर्वांत पक्की. तिने खुर्ची बाईंच्या शेजारी ओढली, समोर नाही, कारण समोर बसणं म्हणजे दरारा. पेन्सिल उचलून तिने बाईंच्या हाताजवळ ठेवली.

"आज आपण कशावर काम करतोय? आणि त्याबद्दल तुम्हाला कसं वाटतंय?"

"होदान, मी ग्लेंडा आहे."

"हो ना. तर कसं वाटतंय?"

ही गोड पोरगी उचलून खिडकीबाहेर ठेवावी असं बाईंना वाटलं. तेवढ्यात होदानने नियमाप्रमाणे पुढचं सांगितलं, "मोठ्याने वाचून दाखवता का?" लिहिलेलं मोठ्याने वाचलं की माणसाला आपलं आपण कळतं, हा बाईंचाच शोध. खोलीत रिंगडालांची वीस-पंचवीस मुलं बसलेली. बाईंनी घसा साफ करून वाचायला सुरुवात केली.

"'हे केंद्र म्हणजे केंद्र नसून एक सहप्रवासी अवकाश आहे, जिथे लेखनाच्या नात्यातल्या व्यक्ती एकमेकांच्या सान्निध्यात, कोणत्याही निष्कर्षाची घाई न करता, शक्यतांशी संवाद साधत राहतात, आणि या राहण्यालाच...'"

शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा आदराने वळून बघू लागला. त्याला वाटलं कोणाची तरी प्रार्थना चालू आहे. बाई मध्येच थांबल्या. आपलं आपल्याला कळलं होतं.

"म्हणजे इथे काय होतं?" होदानने विचारलं. तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. बाईंना ते अधिकच लागलं.

"तुला माहीत आहे काय होतं! तू रोज करतेस."

"पण तुम्हाला काय म्हणायचंय?"

घड्याळात अकराला दहा कमी होते. बाईंचा धीर सुटला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला आणि पेन्सिल होदानकडे सरकवली. "हे बघ, तू लिही. चार ओळी. तुला येतं हे मला माहीत आहे. कोणी बघत नाहीये."

होदानने पेन्सिलकडे पाहिलं, मग दारासमोरच्या चौकटीकडे पाहिलं, आणि एका बोटाने पेन्सिल परत बाईंकडे सरकवली. "ती तुमच्याच हातात राहू दे," ती म्हणाली. इतकी माया तिच्या आवाजात होती की बाईंना रडू यायचं बाकी राहिलं. एकोणीस वर्षांत आपण किती पोरांना असं बसवून ठेवलं असेल, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी तो लगेच हाकलून दिला.

सव्वाअकराला डीनसाहेब स्वतःच आले. बरोबर स्मूदीवाला होता, त्याने आल्याबरोबर टेप काढून बाईंची डावी खिडकी मोजायला घेतली. डीनसाहेबांच्या हातात मात्र एक कागद होता आणि कपाळावर घाम. बाराच्या जेवणाला त्यांना म्हाताऱ्या एंगेब्रेटसनबाईंचे आभार मानायचे होते. त्यांचे यजमान नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास वारले आणि जाताना कॉलेजला हॉकीची नवी रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, देऊन गेले होते.

"ग्लेंडा, जरा नजर टाकता का?" ते खुर्चीत बसत म्हणाले. "काहीतरी बरोबर वाटत नाहीये."

"मोठ्याने वाचून दाखवता?" सवयीने बाईंच्या तोंडून गेलं.

डीनसाहेब वाचू लागले. "'एंगेब्रेटसनबाई, आपल्या पतींच्या निधनाने उपलब्ध झालेल्या संधीबद्दल कॉलेज अत्यंत उत्साहित आहे. येत्या काळातही अशा संधी...'" ते थांबले. "इथंच काहीतरी आहे ना?"

खोलीतल्या पंचवीस मुलांनी माना वर केल्या. डार्लिसच्या सुया थांबल्या. आता विचारायचा प्रश्न एकच होता, 'इथे तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?' तो बाईंच्या ओठांवर आलाही होता. तेवढ्यात डीनसाहेबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि बाईंपुढे धरली.

"तुम्हीच करा ना. मला कळत नाही यातलं."

बाईंनी होदानकडे पाहिलं नाही. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. स्मूदीवाला टेपचं टोक अंगठ्याने दाबून "इथे मिक्सर बसेल," असं स्वतःशीच म्हणत होता. पुढे बाई सगळ्यांना सांगत असत की त्या बिचाऱ्या विधवेची दया आली म्हणून मी पेन्सिल घेतली. ते खोटं आहे. त्यांनी ती खिडकीसाठी घेतली.

आणि घेतल्यावर काय हात चालला बाईंचा! 'संधी' गेली, 'उत्साहित' गेला. 'तुमचे यजमान दर शनिवारी रिंकच्या कडेला थर्मास घेऊन उभे राहत, हे आम्हाला आठवतं' असं एक वाक्य आलं, कारण बाईंनी त्यांना तिथे पाहिलं होतं. सात मिनिटांत सहा ओळींचं असं काही सुंदर पत्र झालं की डीनसाहेबांचे डोळे ओले झाले. आठवड्यात पहिल्यांदा बाईंना काहीतरी लिहिता आलं होतं, आणि त्यांना त्याचा आनंद झाला, हे त्यांना सर्वांत वाईट वाटलं.

"अरे, म्हणजे हे करता होय तुम्ही!" डीनसाहेब म्हणाले. "मग आधी का नाही सांगितलंत? मी पूर्ण आठवडा विचारतोय!" त्यांनी तिथेच फोन काढला, पोर्टल उघडलं आणि बाईंच्या रकान्यात स्वतःच टाइप केलं: 'कागद दुरुस्त करून देतात. जागा राहू द्या.' सव्वा पान लागलं नाही, चार ओळीही लागल्या नाहीत. मग हाच मजकूर, जागेचं वाक्य वगळून, त्यांनी सगळ्या प्राध्यापकांना आणि सगळ्या विद्यार्थ्यांना पाठवला. पहिल्याच मिनिटाला रिंगडालांचं उत्तर आलं, 'मी हेच म्हणत होतो.' स्मूदीवाल्याने टेप गुंडाळली आणि डीनसाहेब त्याला जिमखाना दाखवायला घेऊन गेले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डार्लिसनी वड्यांचा डबा उघडला आणि कोणी पुढे आलं नाही म्हणून पुन्हा लावला. होदान फॉर्म घेऊन बाईंच्या शेजारी येऊन बसली.

"लेखक, ट्रेंट ऑसबर्न," ती भरत गेली. "सोबती, ग्लेंडा टोलेफसन. वेळ, सात मिनिटं." मग शेवटच्या प्रश्नाशी ती थांबली.

"लेखकावर खूण कर," बाई म्हणाल्या.

होदानने खूण केली नाही. तिने बाईंकडे बघितलं आणि त्यांनीच शिकवलेल्या आवाजात विचारलं, "इथे तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?" आणि फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. पेन्सिल द्यायची गरज नव्हती. डीनसाहेब आपली विसरून गेले होते.

बाईंना लाज वाटली. बाहेर तळ्यावरचा बर्फ नुकता कडेने सुटू लागला होता आणि दोन्ही खिडक्यांतून छान दिसत होता. बाईंनी दुसऱ्या चौकटीत खूण केली. लहानशी, पण केली.

तेवढ्यात दार ढकलून एक उंच मुलगा आत आला. मागे आणखी सात-आठ जण होते आणि प्रत्येकाच्या हातात कागद. त्याने फोनवरचा ईमेल पुन्हा एकदा बघितला, चौकट वाचली, आणि गोंधळून सगळ्यांकडे पाहत विचारलं, "इथे दुरुस्त करून मिळतं ना? कोण करतं?"

खोलीतल्या सगळ्यांनी ग्लेंडाबाईंकडे पाहिलं. पेन्सिल अजून त्यांच्याच हातात होती.